इंजिनाची ओटी

उस्ताद, मला तुमची किळस येते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे उगाच गोडीगुलाबीत कागद वाया जायला नको. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा नीट आठवत नाही. हात मात्र आठवतात, रॉकेलनं धुतलेले, नखांत काळं राहिलेले. ते हात आठवले की अजून तोंडाला कडू पाणी सुटतं. बायको म्हणायची, मेलेल्या माणसाशी कसलं वैर धरता. वैर नाही हो हे. वैर बरोबरीच्या माणसाशी असतं, आणि तुम्हाला तर मी देव्हाऱ्यात बसवलं होतं. गेल्या आठवड्यात, तुमच्या माघारी निगडीला राहणाऱ्या काकूंना भेटून आलो. त्यांनी मला एक गोष्ट विचारली आणि मी त्यांना एक उत्तर दिलं. ते उत्तर तुमच्यापर्यंत पोचायला हवं असं वाटलं, म्हणून बसलोय लिहायला. पण ते शेवटी. आधी मला माझं ओकू द्या.

चिंचवडला रुळांच्या अलीकडं आपली शेड होती. स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. पिंपरीकडं कारखान्यांच्या भिंती उभ्या राहायला लागल्या होत्या, बाकी सगळा माळ आणि बाभळी. लढाईत वापरून टाकलेलं एक दोन इंजिनांचं विमान शेठनं लिलावात घेतलं होतं. उंचावरून डोंगराचे, नद्यांचे फोटो काढून सरकारला नकाशासाठी द्यायचे हा त्यांचा धंदा. मी चाकणकडच्या खेड्यातला, बैलांच्या शेपट्या पिळून आलेला गडी, पाना धरायलाही तुम्हीच शिकवलंत. आपल्या इंजिनांना टर्बो होता, तो म्हणजे काय ते तुम्ही मला शेडमध्ये नाही, तुमच्या स्वयंपाकघरात समजावलंत. काकू स्टोवर वरणाला पाणी ठेवतायत, तुम्ही पाटावर बसून स्टोला पंप मारताय. "साधं इंजिन वर गेलं की दमतं," तुम्ही म्हणताय. "हवा विरळ झाली की त्याची ताकदही उतरते, तापही उतरतो. टर्बोवालं दमत नाही लेका. त्याला कुणीतरी असा सारखा पंप मारतंय. ताकद तेवढीच, आग तेवढीच, आणि गार करायला बाहेर हवा मात्र निम्मी. मग गार कशानं करशील?" काकू पदरानं तोंड झाकून हसतायत. तुम्ही तांब्यातलं पाणी तापलेल्या तव्यावर शिंपडलंत आणि चर्र झाल्यावर म्हणालात, "पेट्रोलनं! जळेल त्यापेक्षा जास्ती पेट्रोल द्यायचं. उरलेलं आत उडून जाताना ताप घेऊन जातं. चढताना पेट्रोल वाचवायचं नसतं." काकूंनी तुमच्या हातातून तांब्या काढून घेतला आणि म्हणाल्या, "इंजिन गार झालं असेल तर माझा तवा तापू द्या आता."

त्या घरात मी किती जेवलोय त्याला गणती नाही. तुम्हाला मूलबाळ नव्हतं. काकू मला ताट वाढताना कडेला उभ्या राहायच्या आणि मी नको म्हणेपर्यंत वाढत राहायच्या. हे सगळं मी विसरलेलो नाही, आणि म्हणूनच जास्त शिसारी येते. परक्यानं असं केलं असतं तर दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो.

पहिल्यांदा उजव्या सीटवर बसवलंत तो दिवस आठवतो. डावीकडं पायलट कॅप्टनसाहेब, उजवीकडं मी, आणि आमच्या दोघांच्या मागं माझ्या मानेवर श्वास टाकत तुम्ही. माझं काम एवढंच, की विमान चढत असताना मिक्श्चरचे दांडे, म्हणजे पेट्रोल कमीजास्त करायचे दांडे सांभाळायचे, इंजिनाच्या तापाचे काटे बघायचे, ताप बाहेर पडावा म्हणून इंजिनाच्या झाकणाच्या मागच्या पाकळ्या उघड्या ठेवायच्या, आणि काटा वर सरकायला लागला तर कॅप्टनसाहेबांना नाक जरा खाली करायला सांगायचं म्हणजे वारा जास्त लागतो. मला जगात दुसरं काही नको होतं. आमच्या गावात सायकल असलेली माणसं बोटांवर मोजण्याएवढी, आणि मी ढगात बसून दोन इंजिनांचा ताप सांभाळतोय! त्या दिवशी मी हुशारी दाखवायला गेलो. चढ संपायच्या आधीच दांडा जरासा मागं घेतला, कारण काटा तर शांत दिसत होता. तुम्ही मागून माझ्या मनगटावर असा फटका मारलात की हात बधिर झाला. "काटा एकाच सिलिंडरला लावलेला असतो रे गाढवा! बाकीच्यांना काय होतंय ते तुला कोण येऊन सांगणार?" खाली उतरल्यावर तुम्हीच खिशातून तो आरसा काढून दिलात, दांडीवरचा, रुपयाएवढा गोल, दातांच्या डॉक्टरकडं असतो तसला. "हाताला लागत नाही ते यात दिसतं," म्हणालात. "याच्याशिवाय झाकण लावायचं नाही." मी तो आरसा रात्री उशाला घेऊन झोपायचो. आता हे लिहिताना हसू येतं आणि रागही येतो.

ओटीची पद्धतही तुम्हीच सुरू केलीत. उघडून, साफ करून, पुन्हा जोडलेलं इंजिन शेडमधून निघालं की तुम्ही म्हणायचात, "लेक सासरी चालली." थट्टाच होती ती. पण काकूंनी ती खरी धरली. इंजिनापुढं पाट मांडायच्या, हळदकुंकू लावायच्या, खण-नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड, रीतसर ओटी भरायच्या. शेडमधली माणसं आधी हसली, मग टोप्या काढून उभी राहायला लागली. पूजा झाली की नारळ फुटायचा आणि खण काकू परत घरी न्यायच्या, पुढच्या लेकीसाठी. एकच खण, हिरवा, तांबड्या काठाचा. त्यांच्या आईनं दिलेला होता म्हणे.

त्या साली खंडेनवमीला उजवं इंजिन नुकतंच पंखावर चढवलं होतं. झाकण उघडंच होतं. शेडची पद्धत अशी, की त्या दिवशी औजारांना आणि यंत्रांना फुलं वाहायची, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कशालाही हात लावायचा नाही. हा नियम तुमचा. पान्यालासुद्धा आज विसावा, असं तुम्ही दरसाल बजावून सांगायचात. काकू विमानाच्या शिडीवर चढल्या, आणि पाट नाही म्हणून त्यांनी ओटी इंजिनाच्या पोटातच ठेवली, सिलिंडरच्या मधल्या जागेत. "आज राहू दे रात्रभर तिच्याजवळ," म्हणाल्या. किती आनंदात होत्या त्या! त्या गेल्या, आणि तासाभरात शेठची मोटार आली. बरोबर सरकारी साहेब. नकाशाच्या कामाचा निकाल याच साहेबांच्या हातात होता, आणि त्यांना आजच, आत्ताच विमान किती उंच जातं ते बघायचं होतं.

मला वाटलं तुम्ही नाही म्हणाल. वाटलं म्हणजे खात्रीच होती. तुम्ही शेठकडं बघितलंत, हात जोडलेत आणि म्हणालात, "व्हय जी. अर्ध्या तासात काढतो." अर्धा तास! मी कॅप्टनसाहेबांबरोबर डाव्या बाजूची तपासणी करत होतो, तुम्ही उजव्या बाजूला एकटे शिडीवर. खाली आलात तेव्हा तुमच्या ओंजळीत नारळ होता, फुलं होती. मी विचारलं, "सगळं काढलं ना उस्ताद?" "काढलं रे." "आरसा देऊ?" तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मी खाली मान घातली. "मला शिकवतोस व्हय?" म्हणालात आणि झाकण बंद केलंत.

चढताना मी काही चुकलो नाही. हे मी कुणासमोरही सांगेन. दांडे पूर्ण पुढं होते, पेट्रोलचा काटा जिथं हवा तिथं होता, पाकळ्या उघड्या, नाक बेताचंच वर. मागं सरकारी साहेब खिडकीला नाक लावून बसलेले, शेठ त्यांना हात करून डोंगर दाखवतायत. तापाचा काटा बघतोय मी सारखा, शांत आहे. बारा हजार फुटांच्या वर गेलो आणि उजव्या बाजूला पहिल्यांदा आवाज बदलला. घसा खरवडल्यासारखा. मग अख्खं विमान हुडहुडी भरल्यागत थरथरायला लागलं. काटा अजून शांत! मी ओरडलो, कॅप्टनसाहेबांनी उजवं इंजिन बंद केलं, पंखा थांबवला, आणि एका इंजिनावर आम्ही गोल फिरत खाली आलो. सरकारी साहेबांनी शेठच्या मांडीवर वांती केली. माळावरच्या धावपट्टीवर टेकलो तेव्हा झाकणाच्या फटीतून तेल गळत होतं आणि जळक्या फडक्याचा वास येत होता. तेलाचा नाही उस्ताद, फडक्याचा. स्वयंपाकघरात पदर चुलीला लागतो तसला.

शिडी लावून झाकण मीच उघडलं. आरसा आत घातला. मागच्या ओळीतल्या एका सिलिंडरच्या पातळ पापुद्र्यांवर, जिथून गार वारा जायला हवा तिथंच, खण चिकटलेला. वाऱ्यानं ओढून घट्ट बसवलेला, जळून कोळसा झालेला, पण कडेला बोटभर तांबडा काठ अजून शाबूत. काटा दुसऱ्याच सिलिंडरला लावलेला, त्याला काय कळणार! मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही वर आलात, माझ्या हातातून आरसा घेतलात, बघितलंत. बराच वेळ बघितलंत. मला त्या क्षणी तुमची दया आली, हे सांगायलाच हवं. मग तुम्ही अगदी मऊ आवाजात म्हणालात, "जा, चहा घे. तुझा चेहरा उतरलाय. मी बघतो सगळं." मी गेलो. का नाही जाणार? तुम्ही जा म्हटल्यावर मी विहिरीतसुद्धा गेलो असतो. चहा पिऊन आलो तेव्हा तुम्ही शिडीखाली बसून रॉकेलनं हात धूत होतात. मी पुन्हा आरसा घातला. सिलिंडर स्वच्छ. तारेनं खरवडल्याच्या रेघा तेवढ्या. मी तुमच्या नखांकडं बघितलं. तुम्ही हात धोतराला पुसलेत.

शेठच्या खोलीत पंखा फिरत होता, टेबलावर नवमीचा प्रसाद होता, शेठ धोतर बदलून आले होते. तुम्ही भोक पडलेला पिस्टन टेबलावर ठेवलात. शेठनं विचारलं, "काय झालं?" आणि तुम्ही, ज्यांनी मला तव्यावर पाणी शिंपडून दाखवलं, ते तुम्ही म्हणालात, "पेट्रोल आधीच कमी केलंय. चढ संपला नव्हता तोवर दांडा मागं घेतलाय. मागंसुद्धा एकदा मीच मनगटावर मारलं होतं याच्या." कॅप्टनसाहेब म्हणाले, "मी समोर बघत होतो, दांडा याच्याकडं होता." मी म्हणालो, "शेठ, आत कापड होतं. जळालेलं. मी डोळ्यांनी बघितलंय." शेठ तुमच्याकडं वळले. "होतं का हो?" आणि तुम्ही कपाळाला आठी घालून मला विचारलंत, "कसलं कापड रे?"

कसलं कापड! मी तोंड उघडलं, आणि बंद केलं. कारण कसलं कापड ते सांगायचं म्हणजे कुणाचं ते सांगणं आलं. अख्ख्या चिंचवडात बाया काय म्हणाल्या असत्या ते तुम्हालाही ठाऊक होतं, मलाही. जिची कूस उजवली नाही तिनं ओटी भरली आणि इंजिन जळलं. काकू पुन्हा कुणाच्या दारात हळदकुंकवाला उभ्या राहू शकल्या नसत्या. माझी जीभ उचलणार नाही हे तुम्ही ओळखून होतात. ज्या पोराला काकूंनी वाढलं तो पोरगा काकूंचं नाव घेणार नाही, याच हिशेबावर तुम्ही खापर माझ्या डोक्यावर फोडलंत. मला किळस येते ती याची. खोटं बोललात याची तेवढी नाही, माझ्या चांगुलपणाची शिडी करून वर चढलात याची. आणि काकूंचं नाव न घेताही खरं सांगता येत होतं की! "शेठ, घाईत माझ्याकडून आत फडकं राहिलं," एवढंच. फडकं! कुणी विचारलं नसतं. पण मग उस्तादांच्या हातून चूक झाली असती, आणि ती कशी होईल? आणि खोलीतून निघताना माझ्या पाठीवर हात ठेवून तुम्ही शेठना म्हणालात, "पोरगं गुणी आहे, फक्त हात घाईचा आहे." मग बोटं रॉकेलच्या वासाची असतानाच प्रसादाचा पेढा उचलून तोंडात टाकलात.

मला उजव्या सीटवरून उतरवलं ते कायमचं. दुसऱ्या कंपनीत गेलो तर तिथं माझ्याआधी माझी कीर्ती पोचलेली. "हाच का तो? इंजिन भाजणारा?" शेडमधली पोरं मला भट्टीवाला म्हणायला लागली. "काय राव, आज काय भाजलं?" शेवटी चाकणच्या रस्त्याला पाण्याच्या पंपांची दुरुस्ती धरली आणि त्यातच आयुष्य गेलं. वाईट गेलं नाही. पण वरून विमान गेलं की मी आजही मान वर करत नाही. एकदा तुम्ही आला होतात घरी, काकूंनी केलेले बेसनाचे लाडू घेऊन. अंगणात खाटेवर बसलात, माझ्या आईनं चहा दिला. आई आत गेल्यावर तुम्ही हळूच म्हणालात, "तुझ्या काकूसाठी केलं रे सगळं." मला वाटलं तो चहा तुमच्या अंगावर ओतावा. तिच्या पदराआड लपलात, आणि वर तिच्यावरच उपकार! मी म्हणालो, "उठा." तुम्ही उठलात. लाडू मात्र मी खाल्ले, सगळे, कारण ते त्यांनी केले होते.

तुमच्या दहाव्याला घाटावर मी आलो होतो. जुनी माणसं जमली होती. एकजण म्हणाला, "उस्तादांच्या हाताखालून गेलेलं इंजिन कधी भाजलं नाही. एकदा एका पोरानं भाजलं तेवढंच." पिंडाला कावळा शिवत नव्हता. लोक म्हणाले, काहीतरी इच्छा राहिलीय. मी मागं उभा होतो. मला ठाऊक होतं काय राहिलंय ते, पण मी पुढं होऊन काही बोललो नाही. बसा म्हटलं ताटकळत.

आता काकूंचं. निगडीला पुतण्याकडं असतात, प्राधिकरणातल्या बंगल्यात मागच्या खोलीत. ऐकू कमी येतं, डोळे गेल्यात जमा आहेत, पण डोकं शाबूत. मी वर्षाकाठी जातो. या खेपेला नवरात्र सुरू होतं. मी बसलो, त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बाबा रे, एक विचारू? खरं सांगशील?" मी म्हटलं, विचारा. "त्या खंडेनवमीला नारळ घरी आला. सुपारी आली, हळकुंड आलं. माझा खण आला नाही. यांना विचारलं तर म्हणाले, हरवला असेल शेडमध्ये. पुन्हा विचारलं तर ताटावरून उठले. तेव्हापासून मी विचार करतेय. मी वाती वळतेय आणि विचार करतेय. माझा खण आत राहिला होता का? माझ्या ओटीनं झालं का रे ते?"

उस्ताद, इतकी वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो. कुणीतरी विचारावं आणि मी सांगावं, एवढंच मागत होतो. ज्याच्यापुढं माझं नाव धुऊन निघावं असं एकच माणूस आता जगात उरलं होतं, आणि ते माझा हात धरून विचारत होतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. आणि मी म्हणालो, "नाही हो काकू. खण मी उचलला होता, हात पुसायला. मळला म्हणून लाजेनं टाकून दिला. इंजिन माझ्यामुळंच जळलं. चढ संपायच्या आधी मी दांडा मागं घेतला."

काकूंनी माझा हात सोडला आणि माझ्या मनगटावर एक चापट मारली, अगदी हलकी. "गाढवा," म्हणाल्या, "चढताना पेट्रोल वाचवायचं नसतं, किती वेळा सांगितलं होतं त्यांनी तुला माझ्या स्वयंपाकघरात बसून! आणि आईचा खण रे माझ्या." मी म्हटलं, "चुकलं काकू." त्या भिंतीला टेकल्या आणि त्यांचे खांदे असे खाली आले, जणू डोक्यावरचा हंडा कुणीतरी उतरवून घेतला असावा. पुतण्याच्या बायकोला हाक मारून म्हणाल्या, याला जेवायला वाढ.

तर तुमची साक्ष आता पक्की झाली. माझ्याच तोंडानं. तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही, किळस आहे ती आहे तिथंच आहे. हा कागद मी घडी घालून आरशाच्या डबीत ठेवतोय, तुमचा पत्ता काही मला ठाऊक नाही. एवढं मात्र लिहून ठेवतो. शेठच्या खोलीत "कसलं कापड" म्हणताना तुम्हाला अगदी सोपं गेलं असेल असं मी जन्मभर धरून चाललो होतो. त्या दिवशी निगडीला माझी जीभ टाळ्याला चिकटली होती, पाणी मागून प्यावं लागलं. सोपं नव्हतं.